वाळवंटात दिवसाही वर्दळ असते

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला जैसलमेर सहलीवरचा लेख आवडला. मात्र ‘इथले उंदीर रात्रीच बाहेर पडतात, दिवसा चिटपाखरूही दिसत नाही’ हे वाक्य खटकलं. थरच्या वाळवंटातला जर्ड हा उंदीर चक्क दिवसा वावरतो.

एका जानेवारीत जैसलमेरजवळच्या सम गावाच्या रस्त्यावर आमची जीप पंक्चर झाली. सकाळचे अकरा वाजले असतील. चालक स्टेपनी काढेपर्यंत मी केर नावाच्या झुडपाशेजारी बसलो. बुंध्याशी आठ-दहा बिळं होती. पाचेक मिनिटं हललो नाही, तर एका बिळातून वाळूच्याच रंगाचं तोंड वर आलं. मग स्वारी मागच्या पायांवर बसली आणि पुढच्या पंजांत गवताचं बी धरून सोलू लागली. शेपूट जवळपास अंगाइतकी लांब, टोकाला काळ्या केसांचा झुबका. ‘‘ऊंदरो है साब, इसका क्या देखना!’’ चालक हसला. मी मात्र त्या पंक्चरवर खूश होतो.

हिवाळ्यात जर्ड असा भर उन्हात येतो. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ चरून घेतो आणि मधला वेळ बिळात काढतो. तिथे गारवा असतो, हवाही दमट. खाणं ऋतूप्रमाणे बदलतं. एरवी बिया, पावसाळ्यात कोवळी पानं-फुलं, उन्हाळ्यात गवताचे देठ आणि वाळूखालची खोडं-मुळं. पाणी प्यायला मिळालं नाही तरी त्याचं अडत नाही. खाण्यातल्या ओलाव्यावर भागतं, आणि लघवीवाटेही पाणी फार कमी जातं.

लेखकाच्या मनात बहुधा जर्बिल हा दुसरा उंदीर असावा. तो खरा निशाचर, लांब मागच्या पायांवर उड्या मारणारा. आपल्या कोरडवाहू भागातही तो आहे.

जर्ड साधाभोळा आहे असं मुळीच नाही. पेरलेली बाजरी उकरतो, रोपांची साल कुरतडतो. शेतकरी झिंक फॉस्फाइड या विषाचं आमिष ठेवतात ते उगाच नाही. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत ईश्वर प्रकाश यांनी या उंदरांवर वर्षानुवर्षं काम केलं. इंदिरा गांधी कालव्याचं पाणी पोचलं त्या ओलिताच्या पट्ट्यात ओल्या शेतातल्या उंदरांचं फावलं आणि जर्ड मागे हटला, हेही अभ्यासकांनी नोंदवलंय.

पर्यटकांच्या जीपा वाळूच्या टेकड्यांवर पोचतात त्या सूर्यास्ताला, गाणी लावून. मग दिसणार काय? पुढच्या भागात एवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सोलापूर