सवलतीइतकीच गाडीत चढण्याची सोयही हवी

महोदय,

धोपावे येथून वाशिष्ठीची खाडी ओलांडून दाभोळला जाणाऱ्या फेरीबोटीत मी व्हीलचेअरवरून, कोणाच्याही आधाराशिवाय चढतो. बोटीची रुंद लोखंडी फळी धक्क्याच्या उतारावर टेकते आणि पाणी चढलेले असो वा ओसरलेले, बोट त्याच उतारावर वर किंवा खाली लागत असल्याने चाके सरळ आत जातात. ही व्यवस्था मोटारी व ट्रक यांच्यासाठी केलेली आहे. दिव्यांगांना तिचा लाभ आपसूक मिळाला. दाभोळहून पुढे दापोलीला एसटीने जायचे म्हटले, की मात्र माणसे शोधावी लागतात.

एसटी दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत देते, आणि तुटपुंज्या मिळकतीवर जगणाऱ्यांना तिचे मोल फार आहे. परंतु साध्या गाडीची पहिली पायरी उंच आणि दार अरुंद असल्यामुळे एकाने बगलेत हात घालायचे, दुसऱ्याने पाय धरायचे आणि तिसऱ्याने खुर्ची मिटून आत द्यायची, असा प्रकार दर वेळी करावा लागतो. राखीव आसन आत असते, पण तिथवर पोहोचायचे कसे? परक्या पुरुषांनी असे उचलणे नको वाटते म्हणून प्रवासच सोडून दिलेल्या भगिनी आमच्या भागात आहेत. त्यांची दवाखान्याची फेरीसुद्धा रिक्षाचे भाडे जमेल तेव्हाच होते. रेल्वेत दिव्यांगांचा डबा असतो खरा. पण तो बहुधा गाडीच्या टोकाला असल्याने, दोन मिनिटांच्या थांब्यात तो गाठणे लहान स्थानकांवर फार कठीण जाते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ४१ मध्ये बसथांबे, रेल्वे स्थानके आणि वाहने सुगम करण्याची, शक्य तेथे जुन्या वाहनांतही बदल करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. सुगमतेचे निकष केवळ मार्गदर्शक न ठेवता बंधनकारक करावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात केंद्राला बजावले आहे.

आमच्या घाटवळणांवर आणि खाचखळग्यांच्या रस्त्यांवर खालच्या तळाच्या शहरी बस चालणार नाहीत, हे मला मान्य आहे. म्हणूनच नव्या गाड्या घेताना प्रत्येक आगारासाठी काही गाड्या तरी व्हीलचेअर वर उचलणाऱ्या यंत्रासह घ्याव्यात आणि त्या कोणत्या फेऱ्यांना धावतील, हे स्थानकावरील वेळापत्रकात छापावे. तोवर तालुक्याच्या प्रत्येक बसस्थानकात घडीचा रॅम्प आणि त्यावरून चढता येईल असा एक उंच फलाट ठेवावा, आणि तो ताब्यात घेण्यापूर्वी स्थानिक व्हीलचेअरधारकांकडून वापरून पाहावा, अशी रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन्ही विभागांना विनंती आहे.

आपला,
एक वाचक, ता. गुहागर, जि. रत्नागिरी