कळंब्याच्या प्लॉटविषयी आई-बाबांना

मुलुंड, मुंबई

तीर्थरूप आई व बाबा यांना साष्टांग नमस्कार.

कोल्हापूरच्या बाहेर, कळंब्याच्या पुढचा प्लॉट दादाला पसंत पडला असून दिवाळीपूर्वी विसार द्यायचा विचार आहे, असे बाबांनी परवा फोनवर सांगितले. अशा गोष्टी फोनवर नीट बोलून होत नाहीत. तुम्ही दोघे एकाच वेळी बोलता आणि मी ‘बरं, बरं’ म्हणून फोन ठेवते. म्हणून मुद्दाम लिहायला बसले. प्लॉटचा भाव, कागदपत्रे, सातबारा यांत दादाला माझ्यापेक्षा जास्त कळते, तेव्हा त्याविषयी मला काही म्हणायचे नाही. माझा प्रश्न एकच आहे. त्या घरात राहायला गेल्यावर, गाडी न काढता तुम्हां दोघांना कुठे कुठे जाता येईल?

शिवाजी पेठेतले घर सोडण्याचे पहिले कारण बाबांनी गाडीचे सांगितले, आणि ते खरे आहे. शनिवार-रविवारी अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांच्या गाड्या थेट आपल्या बोळापर्यंत लागतात, नवरात्रात तर विचारायलाच नको, आणि स्वतःच्या दारातली गाडी बाहेर काढण्यासाठी चार दुचाकी उचलून बाजूला ठेवाव्या लागतात. हा त्रास मी पाहिलेला आहे. तरीही थोडा विचार करावा. उभ्या मोटारीला साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते, म्हणजे जवळजवळ आपल्या स्वयंपाकघराएवढी. आणि आपली गाडी आठवड्यातला बहुतेक वेळ उभीच असते. तिला ऐसपैस जागा मिळावी म्हणून चाळीस वर्षांचे राहते घर सोडायचे, हा व्यवहार मला उलटा वाटतो. भाड्याने एखादे गॅरेज मिळते का, हे आधी का पाहू नये?

आई, यापुढचे मुख्यतः तुझ्यासाठी आहे, कारण या सगळ्या चर्चेत तुझे मत कोणी विचारल्याचे मला ऐकू आले नाही. तू गाडी चालवत नाहीस आणि पेठेत राहून तुला त्याची कधी गरजही पडली नाही. भाजीला कपिलतीर्थ मार्केट, संध्याकाळी अंबाबाई, बाबांना लहर आली की गंगावेशीतले धारोष्ण दूध, तुझी भिशी, तुझे भजनी मंडळ हे सगळे तुझ्या पायांखालचे आहे. निघताना तू कोणाला विचारत नाहीस आणि किती वाजता येणार हेही सांगत नाहीस, यावरून बाबा चिडतात ती गोष्ट वेगळी. प्लॉटवर मात्र कोथिंबिरीची जुडी हवी असली तरी ‘अहो, जरा सोडता का?’ असे म्हणावे लागेल. बाबा सोडतील, याविषयी मला शंका नाही. पण दर वेळी सोडायला सांगणे तुझ्या स्वभावात नाही. मग तू जाणेच कमी करशील, आणि ते कोणाच्या लक्षातही येणार नाही.

आर. के. नगरकडे बंगला बांधून राहायला गेलेल्या आपल्या काका-काकूंचे काय झाले ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिले आहे. काकांचे गुडघ्याचे ऑपरेशन झाले आणि गाडी दारात तशीच उभी राहिली. काकूंना चालवता येत नव्हती, रिक्षा परतीचे भाडे मिळत नाही म्हणून आत यायला कुरकुर करायची, आणि मुलगा कामावरून येईपर्यंत औषधसुद्धा आणता येत नसे. बंगला उत्तम होता, बागही छान होती.

बाबा, तुमचे ड्रायव्हिंग आजही दादापेक्षा चांगले आहे, हे मी त्याच्यासमोरही म्हणेन. पण तुम्ही एकाहत्तर वर्षांचे आहात. वयाची पंचावन्न वर्षे उलटली की वाहन परवान्याचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांनी करावे लागते आणि त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र द्यावे लागते, ते उगाच नाही. डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूमुळे तुम्ही रात्री गाडी काढणे आताच बंद केले आहे. म्हणजे त्या घरातून संध्याकाळी सातनंतर बाहेर पडण्याचे साधन पहिल्या दिवसापासूनच नसेल. छातीत दुखले तर पेठेतून सी.पी.आर. हॉस्पिटल काही मिनिटांवर आहे. कळंब्याच्या पुढून रात्री कोणाला तरी उठवावे लागेल.

तिथे केएमटी, म्हणजे महापालिकेची बस, जाते, असे दादा म्हणाला. जाते, पण ती मुख्य रस्त्याने जाते, आणि प्लॉट बराच आत आहे. यात केएमटीला दोष देऊन उपयोग नाही. बस चालायची तर थांब्यापासून पाच-सात मिनिटांच्या चालीत पुरेशी माणसे राहत असावी लागतात. पेठेत एकेका वाड्यात चार-चार बिऱ्हाडे आहेत, म्हणून तिथे थांबा भरतो. सुटे बंगले आणि मधे रिकामे प्लॉट असले की बस रिकामी धावते. रिकामी धावली की फेऱ्या कमी होतात, फेऱ्या कमी झाल्या की ज्याला जमेल तो दुचाकी घेतो, आणि उरलेले लोक वडापची, म्हणजे माणसे भरून नेणाऱ्या खाजगी गाडीची, वाट पाहतात. त्यात आपल्याकडे हद्दवाढीचे, म्हणजे शेजारची गावे शहराच्या हद्दीत घेण्याचे, भिजत घोंगडे. १९७२ साली नगरपालिकेची महापालिका झाली, पण त्यानंतर कित्येक दशके हद्दवाढ चर्चेतच राहिली. शहर मात्र चारी बाजूंना पसरत गेले. त्यामुळे वस्ती एका हद्दीत आणि बस दुसऱ्या हद्दीची, असा प्रकार झाला, आणि हा वाद पेटला की ‘त्या गावांच्या केएमटी बंद करा’ ही मागणी ठरलेलीच. ज्या बसवर म्हातारपण सोपवायचे, ती अशा वादात सापडणारी नसावी.

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये दहा हजार ई-बसची योजना मंजूर केली आणि त्यात कोल्हापूरही आहे, हे बाबांनी मला उत्साहाने सांगितले होते. त्या बस आल्या तर मलाही आनंदच होईल. पण बस कितीही नवी असली तरी थांब्यापासून दारापर्यंतचा चढ तोच राहील, आणि पावसाळ्यात तो चिखलातून चढायचा आहे. पंच्याहत्तरी पूर्ण केलेल्यांना २०२२ पासून प्रवास मोफत आणि २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट, या सवलती एसटीच्या आहेत. त्यांचा उपयोग तुम्हांला नरसोबाच्या वाडीला जायला होईल. घर ते भाजी मंडई या अंतरासाठी नाही.

मुंबईत राहून मी शहाणपण शिकवते आहे, असे दादाला वाटेल. इथले सगळे चांगले आहे असे मी म्हणत नाही. सकाळच्या लोकलमध्ये मुलुंडला चढणे हे काम आहे, आणि सागरी किनारा मार्गावर मोटारींसाठी एवढा खर्च करणाऱ्या याच शहरात बेस्टच्या स्वतःच्या मालकीच्या बसगाड्या कमी होत गेल्या, याचा मला रागही येतो. तरीही आमच्या सासूबाई या वयात एकट्या बसने ठाण्याला बहिणीकडे जाऊन येतात. त्यांच्याकडे गाडी नाही आणि सोडायला कोणी लागतही नाही. घर घेताना आम्ही दोन खोल्या कमी घेतल्या आणि स्टेशनजवळ घेतले, ते याचसाठी.

पेठेतल्या घराचा जिना तुमच्या वयाला बरा नाही, हे मला मान्य आहे. त्यासाठी खालची खोली झोपण्यासाठी करून घेता येईल, तिथेच न्हाणीघर काढता येईल आणि जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा बसवता येईल. बाबांची हिशेबाची वही आहेच. तिच्यात गाडीचा वर्षाचा विमा, सर्व्हिसिंग, पेट्रोल आणि बॅटरी यांची बेरीज मांडावी, आणि शेजारी हव्या त्या वेळी रिक्षा केली तर किती खर्च येईल ते लिहावे. मी आकडा सांगत नाही; तुमचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का असतो.

विसार देण्यापूर्वी एवढेच करावे, ही विनंती. पुढच्या आठवड्यात मी महालक्ष्मी एक्स्प्रेसने येते आहे. सोमवारी आपण तिघे शिवाजी चौकातून केएमटीने निघू, थांब्यावर उतरून प्लॉटपर्यंत चालत जाऊ, आणि अंधार पडल्यावर तसेच परत येऊ. दादाने गाडी घेऊन यायचे नाही. वाट आईने काढायची, आम्ही मागे चालू. त्यानंतर तुम्ही दोघांनी मिळून जे ठरवाल ते मला मान्य असेल, पण त्यात आईचे मत वेगळे विचारलेले असावे.

लहानांना आशीर्वाद. आई, गुडघ्याचे तेल संपले असेल तर कळव, दादरहून घेऊन येते.

तुमची,
अनघा

ता. क. दलालाला ‘बसथांबा किती लांब आहे’ असे विचारू नये. तो गाडीवरून मोजलेले अंतर सांगतो.