संत्या, त्या भांडणात तू बरोबर होतास

विश्रामबाग, सांगली

प्रिय संत्या,

सात महिने झाले तुला नीट फोन नाही, मेसेजला नुसता अंगठा, तू काय म्हणत असशील ते मला माहितीय. आईचा गुडघा बराय, माझं पित्त आहे तसंच. आता मुद्द्याचं. काल रात्री दोनला खोलीत एकटाच बसलेलो आणि मोठ्यानं म्हणालो, "संत्या बरोबर होता." हॉस्टेलवरचं आपलं ते भांडण रे, प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त स्पीडनं चालवला, की गेम पळतो का यावरचं. हे दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही, म्हणून लिहायला बसलो.

आपला डबा, तो जुना कॉम्प्युटर, अजून चालू आहे लेका. २०१८ ला दोघांनी निम्मे निम्मे घालून घेतलेला, ८६००के प्रोसेसरवाला. २०१९ च्या पुरात पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीला लागलं तेव्हा तू डोक्यावर घेऊन गच्चीत नेलास आणि वर चढताना ओरडत होतास, "तांदूळ न्यायचे सोडून हे काय न्यायलोय मी!" आई अजून सांगते ते सगळ्यांना.

तर झालंय काय, ताईचा ओम्या बारावी झाला. ओवाळणीचे, आजीनं दिलेले, सुट्टीत मेडिकलमध्ये काम केलेले असे पैसे साठवलेत पोरानं, आणि त्याला घ्यायचाय १२६००के प्रोसेसर, त्यावर ओव्हरक्लॉक करू देणारा झेड६९० मदरबोर्ड आणि लिक्विड कूलर. का, तर ओव्हरक्लॉक केलं की गेम पळतो. आणि हे त्याला लहानपणापासून कुणी सांगितलं? मी. आत्ता त्याच्याकडं १२१००एफ प्रोसेसर आहे, गेमची चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्ड १६५०, मॉनिटर ७५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ७५ चित्रंच दाखवणारा. मी म्हटलं थांब, आधी आपल्या डब्यावर करून दाखवतो, मग घाल पैसे. तीन रात्री बसलो.

सहाही कोअर ४.१ गिगाहर्ट्झवर चालायचे ते ४.८ वर नेले, व्होल्टेज १.१५ वरून १.३५. पाच गिगाहर्ट्झला पण गेलेलो, विंडोज यायच्या आधीच निळा स्क्रीन. मग रेड डेड गेम लावला, तोच रस्ता, तोच घोडा. आधी सेकंदाला ४७ फ्रेम (चित्रं), नंतर ४७. चार वेळा केलं रे. कोपऱ्यात आकडा बघितला तर कार्ड ९९ टक्के, प्रोसेसर निम्मा रिकामा बसलेला. तू हॉस्टेलवर म्हणालेलास ना, "कार्डच दमलंय तर प्रोसेसरला चाबूक मारून काय होणार?" त्यावरून तीन आठवडे बोललो नव्हतो आपण. माझीच चूक होती.

पण सगळंच तुझं खरं नाही हां. व्हॅलोरंट गेममध्ये २१२ फ्रेमचे २३६ झाले, आणि जीटीएमध्ये शहराच्या मधोमध गर्दीत खाली घसरायचे ते फ्रेम ५८ वरून ६६ वर आले, तो मधेच बसणारा झटका खरंच कमी झाला. म्हणजे हलका गेम, सेटिंग खाली, कार्डाला काम कमी, असं असलं की प्रोसेसर अडतो आणि तिथं फरक पडतो. फक्त माझा मॉनिटर ६० हर्ट्झचा, ओम्याचा ७५. २१२ काय आणि २३६ काय, पडद्यावर दिसणार किती?

आणि किंमत बघ. स्पीड वाढला १७ टक्के, पण वीज स्पीडबरोबर आणि वर व्होल्टेजच्या वर्गानं वाढते, हिशेब केला तर दीडपटीच्या वर जाते. दुपारी खोलीत पंखा फुल असून प्रोसेसर ९१ डिग्री. कॅबिनेटच्या वर मांजर झोपायचं ते उठून गेलं.

खरी गंमत पुढंय. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, फिरताना बघितलं तर रॅम २१३३ च्या स्पीडवर चाललीय. ३२०० ची रॅम आपली! एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण स्पीडवर नेणारं सेटिंग, कधी चालूच केलं नव्हतं, इतकी वर्षं. आणि तू पुण्याला जाताना आठ जीबीची एक स्टिक घेऊन गेलास (ती माझी होती, मी अजून म्हणतो), तेव्हापासून सिंगल चॅनेल, म्हणजे रॅमकडं जायला दोनाऐवजी एकच रस्ता. मिरजेतनं जुनी एक आणून लावली, एक्सएमपी चालू केलं, ओव्हरक्लॉक काढून टाकलं, तर जीटीएतले ५८ चे ७१ झाले. डिग्री ६८. मी ७०० मेगाहर्ट्झसाठी जीव टाकायलोय आणि प्रोसेसर बिचारा रॅमची वाट बघत बसलेला.

तुझ्या दादाचं पण खोटं नव्हतं. तो सेलेरॉन ३०० ए या जुन्या प्रोसेसरचं सांगायचा, बस, म्हणजे बोर्डाचा मूळ स्पीड, ६६ ची १०० केली की ३०० मेगाहर्ट्झचा ४५०, त्याच्याकडं २५००के होता तो पण ३.३ वरून ४.५ ला आरामात जायचा. तेव्हा कंपनी एवढी जागा सोडायची. आता प्रोसेसर स्वतःच थंडावा बघून टोकापर्यंत जातो, आपल्याला उरतं थोडंसंच. २०२२ चा ५८००एक्स३डी प्रोसेसर बघ, त्याचा मल्टिप्लायर, म्हणजे स्पीड ठरवणारा गुणक, हलवायलाच देत नाहीत, पण आतल्या ९६ एमबी कॅशे मेमरीवर गेममध्ये भल्याभल्यांना मागं टाकलं त्यानं.

पण ओम्याला कसं सांगू? पोरानं वहीत यादी काढलीय, कूलरचा फोटो चिकटवलाय, मित्रांना सांगून बसलाय मामा करून देणार म्हणून. पैसे कार्डात घाल, एवढंच सांगायचंय, १२१००एफ त्याला पुरतो. पण काल तो आला, डब्याला हात लावून म्हणाला, "मामा, किती गेला?" आणि मी म्हटलं उद्या सांगतो. त्याच्यापुढं माझा शब्द म्हणजे शब्द आहे रे, तो असा मोडायचा म्हणजे पोटात कालवतंय.

तू ये. रविवारी कोयना एक्सप्रेस पकड. दोघं मिळून दाखवू, आकडे त्यालाच लिहायला लावू, तू असलास की त्याला हसत ऐकता येईल. नवीन नोकरीचं आल्यावर बोलू, वहिनींना नमस्कार, चिऊला दात आले म्हणे, फोटो पाठव. भडंग बांधून ठेवतो.

आणि येताना ती स्टिक घेऊन ये.

तुझा,
बाळ्या