डॅशबोर्ड खोलायच्या आधी आवाज तर ऐका

संपादक महोदय,

तुमच्या पेपरात दर आठवड्याला गाड्यांचं पान येतं, मी ते नेमाने वाचते, पण त्यात सगळं नवीन गाड्यांचंच असतं, कुठल्या मॉडेलला सनरूफ आहे, स्क्रीन केवढी आहे वगैरे. ज्यांच्या दारात २०११ ची हॅचबॅक उभी आहे आणि १५ वर्षं झाली की फेरनोंदणी करून अजून ५ वर्षं चालवायचा विचार आहे, त्यांच्यासाठी एक ओळ नसते. म्हणून मीच लिहितेय, आणि विषय आहे डॅशबोर्डची करकर. हसू नका, रोज नाशिक रोडहून अंबडला जाऊन-येऊन कानाशी ती किरकिर ऐकणाऱ्याला विचारा.

आमच्या गाडीत थंडीत सकाळी निघालं की काचेच्या डाव्या कोपऱ्यातून आवाज सुरू व्हायचा आणि ऊन चढलं की बंद. सर्व्हिस सेंटरवाले गाडी हातात घेणार अकरा-साडेअकराला, तोपर्यंत ती उन्हात तापलेली, एक चक्कर मारून येणार आणि "मॅडम, आवाज तर येत नाहीये." दुसऱ्यांदा गेले तर म्हणे पूर्ण डॅशबोर्ड उतरवून बघावं लागेल, आणि वर सल्ला, की जुनी गाडी आहे, एक्सचेंजला टाका, ऑफर चालू आहे. आवाज ऐकलाच नाही पण डॅशबोर्ड उतरवायला तयार, हे कुठलं शास्त्र?

डॅशबोर्ड प्लास्टिकचा, तो बसतो आतल्या लोखंडी बारवर, आणि प्लास्टिक लोखंडाच्या कितीतरी पट जास्त प्रसरण-आकुंचन पावतं, म्हणजे थंडीत कुठेतरी फट पडते नाहीतर दोन तुकडे एकमेकांवर घासायला लागतात. घासताना ते क्षणभर चिकटतात, मग सुटतात, परत चिकटतात, सारंगीच्या तारेवर गज फिरतो तसं, म्हणून कुईं कुईं. आणि खडखड असेल तर ते घासणं नाही, काहीतरी सैल होऊन आपटतंय, क्लिप तुटलीय किंवा स्क्रू ढिला झालाय. इलाज दोन्हीचा वेगळा, त्यामुळे मिस्त्रीला नुसतं "आवाज येतो" म्हणून काही उपयोग नाही.

मग आम्ही घरीच बसलो शोधायला. आधी गाडी रिकामी केली. कप्प्यातली कागदपत्रं, पेनं, सुट्टे पैसे, गॉगल, चावीला लटकवलेला जुडगा, मोबाइलचा होल्डर, आणि हो, डॅशबोर्डवरचा गणपतीबाप्पासुद्धा, कारण त्याच्याखालची डबल टेप सुकली होती आणि अर्धी खडखड त्याचीच निघाली! मग सकाळी लवकर, गाडी गार असताना भाच्याला स्टिअरिंगवर बसवलं आणि कॉलनीतल्या पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर एकदम हळू चालवायला लावली. पेव्हर ब्लॉकसारखी टेस्ट ट्रॅक नाही, सगळं बारीक बारीक थरथरतं. मी शेजारी बसून तळहाताने एकेक भाग दाबत गेले, एसीची जाळी, मधलं पॅनल, कप्प्याचं झाकण, काही फरक नाही. दारापाशी काचेच्या कडेने जी उभी प्लास्टिकची पट्टी वर जाते ना, ती दाबली आणि आवाज गप्प. सोडली की सुरू. म्हणजे डॅशबोर्ड दोषी नव्हताच, ती पट्टी त्याच्या कोपऱ्यावर घासत होती.

त्या फटीत काळी कापडी टेप लावली, वायरिंगला गुंडाळतात ती लवदार, शे-दीडशेचा रोल, अजून अर्ध्याच्या वर शिल्लक आहे. डॅशबोर्डचा एक स्क्रू काढला नाही.

जागा सापडत नसेल तर बागेच्या पाइपचा हातभर तुकडा घ्या, एक टोक कानाला लावून दुसरं फिरवत न्या, म्हणजे आवाजाची दिशा कळते, फक्त हे शेजारी बसणाऱ्याने करायचं, चालवणाऱ्याने नाही. गाडी उभी ठेवून ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग मोठ्याने लावलं तरी सैल पॅनल थरथरून पकडलं जातं (शेजारी विचारतील विसर्जन कधी, विचारू द्यात).

आणि पुष्कळदा तर आवाज डॅशबोर्डमधून "वाटतो" पण असतो बाहेर. उभ्या गाडीला रेस दिल्यावर आला तर इंजिनाची थरथर, पंख्याबरोबर आला-गेला तर ब्लोअरमध्ये पान-बिन अडकलेलं, फक्त खड्ड्यात टक्क करत असेल तर खालचा लिंक रॉड (चाकाजवळची सस्पेन्शनची जोडदांडी) किंवा शॉकअपच्या, म्हणजे धक्के झेलणाऱ्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या, वरचं माउंटिंग बघून घ्या. वायपरखालची काळी प्लास्टिकची जाळी सैल झाली की तीही अगदी डॅशबोर्डमध्येच वाजल्यासारखी वाटते. आणि ज्यांच्याकडे अजून केबलवाला स्पीडोमीटर असलेली जुनी गाडी आहे, त्यांना मीटरमधून चूं चूं ऐकू येऊन काटा थरथरत असेल तर केबल कोरडी पडलीय, तिला ग्रीस द्या नाहीतर बदला. यातलं काहीही डॅशबोर्ड उतरवून बरं होणार नाही, उलट जुन्या प्लास्टिकच्या क्लिपा कडक झालेल्या असतात, उतरवताना चार तुटतात आणि गाडी परत येते ती दोन नवे आवाज घेऊन.

एक-दोन गोष्टी मात्र करू नका. आमच्या बिल्डिंगमध्ये एकांनी फटीफटीत खोबरेल तेल सोडलं, आठवडाभर शांत, मग त्यावर धूळ बसून चिखल. सिलिकॉनचा स्प्रेही थेट मारू नये, काचेवर उडाला की पावसात वायपर नुसते फरकाटे ओढतात, फडक्यावर घेऊन पुसून लावा. आणि एअरबॅग. १ जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग सगळ्या नवीन गाड्यांना सक्तीची झाली, पण त्याआधीच्या वरच्या मॉडेलमध्येही ती असायची, डाव्या बाजूलाही, त्यामुळे तिच्या झाकणाच्या फटीत फोम-बिम अजिबात कोंबू नका, त्यावर बाप्पासुद्धा चिकटवू नका, आणि पिवळ्या रंगाचं कनेक्टर दिसलं की हात मागे. तिथून पुढे जाणकाराचंच काम.

वर्कशॉपवाल्यांकडून मला एवढंच हवंय, की जॉब कार्डवर, म्हणजे गाडी देताना तक्रार लिहून घेतात त्या कागदावर, "नॉइज चेक" असं दोन शब्दांत न उरकता आवाज कधी येतो, कुठल्या रस्त्यावर, किती स्पीडला, हे लिहून घ्यावं. थंडीतला आवाज असेल तर गाडी रात्रभर ठेवून सकाळी मालकाला शेजारी बसवून चक्कर मारावी. आणि आवाज स्वतःच्या कानाने ऐकल्याशिवाय डॅशबोर्ड उतरवायचं एस्टिमेट देऊ नये. तुमच्या पानावर यासाठी महिन्यातून एक कॉलम दिलात तर जुन्या गाडीवाल्यांची पत्रं कमी पडणार नाहीत.

– एक वाचक, नाशिक रोड