ढाक्याची ड्युटी निफाडच्या बागेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शेजारच्या देशात सरकार पडले की बातमी पहिल्या पानावर येते. त्याआधी वर्ष-दोन वर्षे तिथली परकीय गंगाजळी, म्हणजे डॉलरचा साठा, आटत असते, ते आम्हाला द्राक्षाच्या बागेत कळते. मे २०२२ मध्ये बांगलादेशाने डॉलर वाचवायला परदेशी फळांवर जादा शुल्क लावले. पुढच्या हंगामात व्यापारी बागेत आला, मणी तोंडात टाकला, गोडी चांगली म्हणाला आणि तरी दर पाडून मागितला. "तिकडची ड्युटी वाढलीय, काका." आभाळ भरून आले होते. माल देऊन टाकला.

श्रीलंकेचे तर शेतकऱ्याने मुळापासून समजून घ्यावे. २०१९ ची करकपात, मग करोनात बसलेले पर्यटन, यात तिजोरी रिकामी होत गेली. एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. नाव सेंद्रिय शेतीचे होते. खतावर जाणारे डॉलर वाचवायची निकडही त्यामागे होती. भात घटला, चहा घटला, तांदूळ बाहेरून आणावा लागला. मीही शेणखत टाकतो, पण जमीन एका हंगामात पालटत नाही, हे तिथल्या कुठल्याही शेतकऱ्याने सांगितले असते. एप्रिल २०२२ मध्ये परकीय कर्जफेड थांबली, जुलैत राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे देश सोडून गेले. २०२० मध्ये ज्या आघाडीचे जेमतेम ३ खासदार होते, तिला नोव्हेंबर २०२४ मध्ये २२५ पैकी १५९ जागा मिळाल्या. तरी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा कर्जाचा कार्यक्रम त्या आघाडीचे नेते, नवे राष्ट्राध्यक्ष अनुरा कुमारा दिसानायके यांनाही सोडता आला नाही. राज्यकर्ते बदलले, सावकाराच्या अटी राहिल्या.

आपणही शेजाऱ्याची अडचण ओळखली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद केली. मे २०२४ मध्ये ती उघडली, पण टनाला किमान ५५० डॉलर आणि वर ४० टक्के शुल्क लावून. ज्याच्याकडे डॉलरची चणचण, त्यालाच माल महाग! असे गिऱ्हाईक दुसरीकडे वळले तर त्याला दोष कसा द्यायचा?

माझी विनंती आहे, लासलगावच्या बाजारभावाशेजारी आठवड्याला चार ओळी छापाव्यात: ढाका आणि कोलंबोने कोणते शुल्क बदलले, गंगाजळी किती उरली. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीआधी (द्राक्षाला फळ धरण्यासाठीची छाटणी) एवढे कळले, तरी माल कुठल्या बाजारासाठी धरायचा हे आम्हाला ठरवता येईल.

आपला,
एक द्राक्ष-कांदा उत्पादक, ता. निफाड, जि. नाशिक