कॅल्शियमची गोळी ‘१२५०’ची की ‘५००’ची?

संपादक महोदय,

२० ऑक्टोबरचा जागतिक ऑस्टिओपोरोसिस (हाडे ठिसूळ होण्याचा आजार) दिन जवळ आला की मेडिकलच्या दुकानांसमोर आणि सोसायट्यांत ‘हाडांची मोफत तपासणी’चे फलक झळकू लागतात. टाचेला यंत्र लावायचे, उणे आकड्याचा कागद हातात द्यायचा आणि सोबत कॅल्शियमचा डबा गळ्यात मारायचा, असा हा कार्यक्रम असतो. टाचेची अल्ट्रासाउंड तपासणी प्राथमिक चाळणी म्हणून ठीक, पण ते निदान नव्हे. निदान कंबर आणि खुब्याच्या डेक्सा स्कॅनवर, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या एक्स-रेवर होते (टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडाशी तुलना करणारा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली), किंवा साध्या पडण्याने मणका वा खुबा मोडला असेल तर त्यावरून.

आता डब्याविषयी. ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मि.ग्रॅ.’ असे ठळक छापलेल्या गोळीत प्रत्यक्ष कॅल्शियम ४० टक्के, म्हणजे ५०० मि.ग्रॅ. असते. कॅल्शियम सायट्रेट या दुसऱ्या प्रकारात तर २१ टक्केच. बारीक अक्षरांतला ‘एलिमेंटल कॅल्शियम’चा आकडा शोधावा आणि हिशेब त्याचाच धरावा. पाळी गेलेल्या स्त्रीला दिवसाला साधारण १२०० मि.ग्रॅ. कॅल्शियम लागते, पण ते सगळे गोळ्यांतून भरायचे नसते. २०० मि.लि. दुधातून सुमारे २४० मि.ग्रॅ. मिळते, ५० ग्रॅम पिठाच्या नाचणीच्या भाकरीतून १७०-१८०. नाचणीतल्या फायटेट या कॅल्शियमला धरून ठेवणाऱ्या घटकामुळे त्यातले काही अंगी लागत नाही. मोड आणून दळली तर जरा बरे. आहारातून जेवढे कमी पडते तेवढीच गोळी. गरज नसताना दोन-दोन गोळ्या खाल्ल्या तर हाड दुप्पट भरत नाही. मुतखड्याचा धोका मात्र वाढतो. आणि हो, मोबाइलवर फिरणारा ‘गव्हाच्या दाण्याएवढा चुना’: त्यात फार तर २५-३० मि.ग्रॅ. कॅल्शियम निघेल, तोंड भाजायची भीती वेगळीच.

खरी गडबड होते ती वेळेची. आतडे एका वेळी साधारण ५०० मि.ग्रॅ.पर्यंतच कॅल्शियम नीट शोषते, म्हणून दोन गोळ्या लागतच असतील तर एक दुपारच्या जेवणानंतर, एक रात्रीच्या. कार्बोनेट विरघळायला पोटातले आम्ल लागते, त्यामुळे ते उपाशीपोटी घेऊ नये. जे रोज सकाळी पॅन्टोप्राझोलसारखी ‘ॲसिडिटीची गोळी’ घेतात त्यांच्या पोटात आम्लच कमी. त्यांनी डॉक्टरांना विचारून सायट्रेट घ्यावे. थायरॉइडच्या गोळीचे तर फारच हाल होतात. पहाटे थायरॉक्सिन आणि पाठोपाठ नाश्त्याबरोबर कॅल्शियम घेतले की दोन्ही एकमेकांना धरून बसतात, टीएसएच (थायरॉइड कमी पडल्याचे दाखवणारा रक्तातला आकडा) वर चढतो, थायरॉक्सिनचा डोस वाढवला जातो आणि कॅल्शियमची चौकशी कोणी करत नाही. या दोघांत किमान चार तास हवेत. लोहाच्या गोळीलाही दोन तासांचे अंतर ठेवावे.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा घ्यायची असते, बहुधा आठ आठवडे. ती रोज घेतली गेली की रक्तातले कॅल्शियम वाढते: मळमळ, बद्धकोष्ठता, सतत तहान, सारखी लघवी आणि वेळीच थांबले नाही तर मूत्रपिंडाला इजा. ‘वर्षातून एकदाच भरपूर’ हाही शहाणपणा नव्हे. ऑस्ट्रेलियात ७० वर्षांपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट देऊन पाहिले. २०१० साली निष्कर्ष आले तेव्हा त्यांच्यात पडणे आणि हाड मोडणे दोन्ही वाढलेले आढळले. काही कॅल्शियमच्या गोळ्यांत कॅल्सिट्रिऑल असते. ते ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप, साध्या कमतरतेसाठी नव्हे. सोबत ६०,०००ची पुडीही चालू असेल तर ही दोन्ही औषधे डॉक्टरांना दाखवावीत. तसेच ‘के-२’ जीवनसत्त्व असलेली गोळी ॲसिट्रॉम किंवा वॉर्फरिन ही रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी परस्पर सुरू करू नये.

एवढे सगळे पाळूनही ऑस्टिओपोरोसिस केवळ कॅल्शियम-ड ने आटोक्यात येत नाही. त्यासाठी अलेन्ड्रोनेट, झोलेड्रॉनिक ॲसिड, डेनोसुमॅब यांसारखी औषधे आहेत, आणि कॅल्शियम-ड हा त्यांचा पाया. ड फारच कमी असताना झोलेड्रॉनिकचे इंजेक्शन दिले तर रक्तातले कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. अलेन्ड्रोनेट (आठवड्याला ७० मि.ग्रॅ.) सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावे; चहा-दूध चालत नाही. नंतर किमान अर्धा तास आडवे व्हायचे नाही, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून जखम करते. त्या सकाळी कॅल्शियम घेऊ नये, ते दुपारच्या जेवणानंतरच.

औषधविक्रेत्यांना एक विनंती. ६०,०००ची पुडी देताना पाकिटावर पेनाने ‘आठवड्यातून एकदा’ आणि घ्यायचा वार मराठीत लिहून द्यावा. चिठ्ठी नसलेल्या गिऱ्हाइकाला ती देऊच नये.

– औषधनिर्माणशास्त्राचे एक निवृत्त अध्यापक, कोल्हापूर