ते शब्द रूझवेल्ट यांचेच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या पर्ल हार्बर या नाविक तळावर जपानने केलेल्या हल्ल्याच्या निमित्ताने आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचे ८ डिसेंबर १९४१ चे भाषण ‘सल्लागारांनी लिहून दिलेले’ होते, असे त्यात म्हटले आहे. ३१ वर्षे लघुलेखिका म्हणून सरकारी नोकरी केल्यामुळे असेल, पण हे वाक्य मला फार लागले. त्यांच्या इतर अनेक भाषणांवर हॅरी हॉपकिन्स, सॅम्युअल रोझेनमन आणि रॉबर्ट शेरवूड यांचा हात फिरत असे, हे खरेच आहे. पण हल्ल्याच्या दिवशी, ७ डिसेंबरच्या त्या रविवारी, रोझेनमन आणि शेरवूड न्यूयॉर्कला होते.

हॉपकिन्स व्हाइट हाउसमध्येच राहत. हल्ल्याचा फोन आला तेव्हा ते अध्यक्षांसोबत जेवत होते. संध्याकाळी पाचच्या सुमारास रूझवेल्ट यांनी सचिव ग्रेस टली यांना आत बोलावले. टली यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की अध्यक्षांनी सिगारेट पेटवली, मोठा झुरका घेतला आणि रोजच्या पत्रांची उत्तरे सांगावीत त्याच आवाजात सुरुवात केली: ‘यस्टरडे, कॉमा, डिसेंबर सेव्हन्थ, कॉमा, नाइन्टीन फॉर्टीवन, डॅश...’

ज्यांनी डिक्टेशन घेतले आहे, त्यांना यातले मर्म लगेच कळेल. बहुतेक साहेब बोलत सुटतात, अर्ध्यावर थांबतात, ‘आधीचं काय झालं, वाचा जरा’ म्हणतात आणि विरामचिन्हे आमच्यावर सोडतात. अख्खे वाक्य डोक्यात तयार असते तोच ‘स्वल्पविराम’ तोंडाने सांगतो. मला असे दोनच अधिकारी भेटले. त्यातल्या एका साहेबांनी पुराच्या रात्री कंदिलाच्या उजेडात दीड पानी अहवाल सांगितला होता. टंकलेखन करताना मला त्यातला एक शब्दही हलवावा लागला नाही. टली यांच्या वहीत त्या संध्याकाळी काय उतरत होते, ते मी त्या रात्रीवरून ओळखते.

टाइप केलेला मसुदा हातात आल्यावर रूझवेल्ट यांनी पेन्सिल घेतली. पहिल्याच वाक्यात ‘वर्ल्ड हिस्टरी’ असे होते, म्हणजे जगाच्या इतिहासात राहील अशी तारीख. ते खोडून त्यांनी वर ‘इन्फेमी’ लिहिले. नुसत्या नोंदीची तारीख काळिम्याची तारीख झाली. ‘एकाच वेळी’च्या जागी ‘अचानक’ आले. ‘पूर्वसूचना न देता’ हे शब्द त्यांनी वाक्याच्या शेवटी घातले आणि पुन्हा काढूनही टाकले. ‘अचानक’ असताना त्यांची गरजच नव्हती. परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांना जपानशी झालेल्या व्यवहाराचा सगळा इतिहास सांगणारे लांबलचक निवेदन हवे होते. रूझवेल्ट यांनी ते मानले नाही. पुढे जपानच्या इतर हल्ल्यांच्या बातम्या येतील तशा ओळी वाढत गेल्या: हाँगकाँग, ग्वाम, फिलिपिन्स, वेक, मिडवे.

मग सल्लागाराने काय केले? हॉपकिन्स यांनी शेवटून दुसरा परिच्छेद सुचवला. सैन्यदलांवरचा विश्वास आणि जनतेचा अमर्याद निर्धार यांच्या बळावर विजय आपलाच, ईश्वर साह्य करो, अशा आशयाचा. सूचनेवर शीर्षकही ‘डीइटी’, म्हणजे ईश्वर, असेच होते. सबंध भाषणात ईश्वराचे नाव नव्हते आणि युद्धावर निघालेल्या लोकांना ते लागणार, हे हॉपकिन्स यांनी हेरले. पोटाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेला, कायम आजारी असलेला हा माणूस धन्याच्या मजकुरात नेमके काय राहिले आहे ते पाहत होता आणि बाकीच्याला हात लावत नव्हता. त्यांचा मोठेपणा मला यातच दिसतो आणि तुमच्या लेखातल्या त्या वाक्याने तोही झाकला जातो.

दुसऱ्या दिवशीचे ते भाषण दहा मिनिटांचेही नव्हते. युद्धाच्या ठरावाला सिनेटमध्ये ८२ विरुद्ध ०, प्रतिनिधिगृहात ३८८ विरुद्ध १ मते पडली. वाचलेली प्रत रूझवेल्ट सभागृहातच विसरले आणि ती थेट १९८४ मध्ये सिनेटच्या जुन्या कागदांत सापडली.

पेन्सिलीने खोडलेला पहिला मसुदा न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्कच्या रूझवेल्ट ग्रंथालयात आहे. शक्य झाल्यास त्याच्या पहिल्या पानाचे छायाचित्र पुढच्या पुरवणीत छापावे. जरा मोठ्या आकारात, म्हणजे खोडलेला शब्दही वाचता येईल. आणि त्याखाली ग्रेस टली यांचे नाव अवश्य द्यावे.

आपली,
एक निवृत्त लघुलेखिका, सातारा